जुनी पिकअप, नव्या गाडीचे पार्ट: गॅरेजमध्ये जमतं, पण आरटीओत चालतं का?

समजा, जोगेश्वरी पश्चिमेला एका छोट्या व्यावसायिकाकडे वडिलांच्या काळातली पिकअप आहे. ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारातून कपाटं, सोफे, प्लायवूड भरायचं आणि वसई-विरारपासून नाशिकपर्यंत पोहोचवायचं, हे तिचं रोजचं काम. पत्रा अजून दणकट आहे, चासी सरळ आहे, पण इंजिन धूर ओकतंय आणि ब्रेक मारताना पायाला जोर लावावा लागतोय. नवी पिकअप परवडत नाही. अशा वेळी गॅरेजवाला एक मार्ग सुचवतो: "शेठ, एक अपघातातली गाडी आलीय. नवीनच आहे. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक सगळं त्यातून काढू आणि तुमच्या गाडीत बसवू."

हे उदाहरण काल्पनिक आहे, पण सल्ला काल्पनिक नाही. जुन्या जीप, पिकअप आणि टेम्पोंमध्ये नव्या गाडीचे भाग बसवणं ही देशभरातल्या गॅरेजमधली जुनी गोष्ट आहे. यूट्यूब आणि इन्स्टाग्रामच्या रील्समुळे ती आता हौशी तरुणांपर्यंतही पोहोचलीय. रीलमध्ये गाडी सुरू होते, संगीत वाजतं आणि व्हिडिओ संपतो. आरसी बुकचं काय झालं, हे मात्र कुणी दाखवत नाही.

म्हणूनच हे नेमकं काय असतं, ते कसं केलं जातं आणि कायदा काय म्हणतो, हे समजून घेऊया.

डोनर गाडी म्हणजे काय?

ज्या गाडीतून चालू स्थितीतले भाग काढून दुसऱ्या गाडीत बसवले जातात, तिला 'डोनर' म्हणतात. बहुतेकदा ती अपघातग्रस्त असते. पुढून चेपलेली, विमा कंपनीने 'टोटल लॉस' ठरवलेली, पण इंजिन किंवा मागचा अ‍ॅक्सल शाबूत असलेली. कधी ती भंगारात निघालेली असते.

फायदा उघड आहे. एकेक सुटा भाग शोधत बसण्यापेक्षा एकाच गाडीतून इंजिन, गिअरबॉक्स, रेडिएटर, वायरिंग, पेडल असा पूर्ण संच मिळतो. हे भाग एकमेकांसाठीच बनवलेले असतात, त्यामुळे जुळवाजुळव कमी होते.

एका गाडीचा भाग दुसरीला बसतो कसा?

याचं उत्तर आपल्याच परिसरातल्या वाहन उद्योगाच्या इतिहासात आहे. विलिस जीपची जुळणी महिंद्राने मुंबईत १९४७ मध्ये सुरू केली. जोगेश्वरीहून लोकलने काही स्टेशनं पुढे, कांदिवलीत, कंपनीचा मोठा कारखाना उभा राहिला. पुढे या जीपमध्ये फ्रान्सच्या पूजो कंपनीच्या परवान्यावर बनवलेली डिझेल इंजिनं आली. २००० मध्ये बोलेरो आली, तीही याच घराण्यातून. इंजिनं, गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल एका मॉडेलकडून दुसऱ्याकडे थोड्याफार बदलांसह सरकत राहिले.

पुण्यातही तेच झालं. टाटांची (तेव्हाची टेल्को) पहिली हलकी पिकअप 'टाटा मोबाइल' १९८८ मध्ये आली. त्याच पायावर १९९१ मध्ये सिएरा, १९९२ मध्ये इस्टेट आणि १९९४ मध्ये सुमो आली. म्हणजे कंपन्यांनी स्वतःच एका गाडीचे भाग दुसऱ्या गाडीत वापरले. गॅरेजवाले तेच उलट्या दिशेने करतात. नव्याचं जुन्यात.

फरक एवढाच, की कंपनीने तो बदल करताना गाडीची पूर्ण चाचणी घेतलेली असते. गॅरेजमध्ये ती होत नाही. कायद्याचा सगळा वाद याच फरकाभोवती फिरतो.

बदलतात काय आणि अडतं कुठे?

*गिअरबॉक्स:* विलिस घराण्यातल्या जुन्या जीपच्या मागच्या अ‍ॅक्सलचं गुणोत्तर ५.३८ होतं. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यासाठी गिअरबॉक्समधून येणारा शाफ्ट ५.३८ फेरे घेतो. चढावर आणि ओझं ओढताना याचा फायदा होतो, पण हायवेवर गाडी दमते. टायर साधारण २८ इंच उंच धरला तर ताशी ८० किलोमीटरला टॉप गिअरमध्ये इंजिन मिनिटाला सुमारे ३,२०० फेरे घेतं. जुन्या डिझेल इंजिनासाठी ही जवळपास शेवटची मर्यादा असते. ०.८ गुणोत्तराचा पाचवा गिअर मिळाला तर हेच फेरे सुमारे २,६०० वर येतात. आवाज, डिझेल आणि झीज तिन्ही कमी होतात. म्हणूनच पाच गिअरचा बॉक्स ही सगळ्यात लोकप्रिय मागणी असते.

*ब्रेक:* जुन्या जीपना चारही चाकांना ड्रम ब्रेक असायचे आणि बूस्टर नसायचा. बूस्टर म्हणजे पेडलमागचा तो गोल डबा, जो इंजिनाच्या व्हॅक्यूमवर पायाचा जोर वाढवतो. पेट्रोल इंजिनात हा व्हॅक्यूम आपसूक तयार होतो. डिझेलमध्ये तो पुरेसा होत नाही, त्यासाठी वेगळा पंप लागतो. अनेक गाड्यांमध्ये हा पंप अल्टरनेटरच्या मागेच जोडलेला असतो. डोनरमधून बूस्टर काढला आणि पंप राहून गेला, तर पेडल दगडासारखं कडक होतं.

पुढचे डिस्क ब्रेक बसवणंही वाटतं तितकं सोपं नाही. जुन्या जीपला पुढे सरळ अ‍ॅक्सल आणि पाटे असतात. बोलेरोसारख्या गाडीत पुढची दोन्ही चाकं स्वतंत्रपणे हलतात. तिचा हब आणि नकल जुन्या अ‍ॅक्सलवर तसाच चढत नाही. मग लेथवर काम, वेल्डिंग, नव्या ब्रॅकेट. इथे केलेली चूक कसारा घाटाच्या उतारावर कळते.

*इंजिन:* जुनं डिझेल इंजिन बसवायला फक्त माउंटिंग, क्लच आणि डिझेलची लाइन जुळवावी लागते. कॉमन रेल इंजिनाची गोष्ट वेगळी. त्यात डिझेल हजार बारहून जास्त दाबाने जातं आणि प्रत्येक थेंबाचा हिशेब ईसीयू नावाचा संगणक ठेवतो. डोनरचं पूर्ण वायरिंग, सेन्सर, अ‍ॅक्सिलरेटर पेडल, शिवाय चावीतली चिप हे सगळं सोबत आलं नाही तर इंजिन सुरूच होत नाही.

जाणकार मेकॅनिक म्हणूनच क्रम सांगतात: आधी ब्रेक, मग स्टिअरिंग आणि इंजिन सगळ्यात शेवटी. ताकद वाढवली आणि थांबण्याची क्षमता तीच राहिली, तर गाडी आधीपेक्षा धोकादायक होते.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ इथे महत्त्वाचं आहे. नोंदणी प्रमाणपत्रातले, म्हणजे आरसीवरचे तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील, असा बदल मालकाने गाडीत करू नये, असं ते सांगतं. 'बदल' म्हणजे काय, हेही कलमात स्पष्ट केलंय: गाडीच्या रचनेतला असा फेरफार, ज्यामुळे तिचं मूळ वैशिष्ट्यच बदलतं.

आरसीवर इंजिन क्रमांक, चासी क्रमांक, इंधन, इंजिनाची क्षमता, बॉडीचा प्रकार, आसनक्षमता, रंग अशा गोष्टी असतात. दुसऱ्या मॉडेलचं इंजिन टाकलं की यातल्या किमान दोन-तीन नोंदी खोट्या ठरतात.

शिक्षेची तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने आली. कलम १८२-अ नुसार परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. 'प्रत्येक बदलासाठी' हे शब्द लक्षात ठेवण्यासारखे आहेत. इंजिन वेगळं, बॉडी वेगळी, तर हिशेबही वेगवेगळा.

सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल

त्याच वर्षी, जानेवारी २०१९ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात या कलमाचा अर्थ स्पष्ट केला. केरळ उच्च न्यायालयाने वाहनातल्या बदलांना काहीशी मोकळीक दिली होती. न्यायमूर्ती अरुण मिश्रा आणि विनीत सरन यांच्या खंडपीठाने ती मोकळीक काढून घेतली. उत्पादकाने ज्या मूळ स्वरूपासाठी मान्यता घेतलीय, त्याच्याशी विसंगत होईल असा बदल करता येणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं.

यामागचा तर्क असा: प्रत्येक मॉडेल बाजारात येण्याआधी त्याचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत तपासला जातो. ब्रेक, दिवे, प्रदूषण, वजन सगळं. रस्त्यावरची प्रत्येक गाडी त्या तपासलेल्या नमुन्याची प्रत असते. मालकाने तिचा गाभा बदलला, तर ती प्रत राहत नाही आणि ती सुरक्षित आहे, असं कुणीच खात्रीने सांगू शकत नाही.

मग परवानगी कशाला आहे?

सगळे दरवाजे बंद नाहीत. काही मार्ग कायद्यातच आहेत.

*त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं इंजिन:* जुनं इंजिन निकामी झालं तर तसंच दुसरं बसवता येतं, पण आरटीओची मंजुरी घेऊन आणि आरसीवर नवा इंजिन क्रमांक चढवून. मंजुरीआधी इंजिन बदललं असेल तर १४ दिवसांच्या आत कळवणं बंधनकारक आहे. यात एक गंमतही आहे. ज्यांच्याकडे किमान दहा व्यावसायिक वाहनं आहेत, अशा मालकांना त्याच बनावटीचं इंजिन मंजुरीशिवाय बदलण्याची मुभा राज्य सरकार देऊ शकतं. एकच पिकअप असलेल्या माणसासाठी अशी सोय नाही.

*इंधन बदल:* मान्यताप्राप्त किट वापरून सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीवर गाडी नेता येते. मुंबईसाठी हे नवं नाही. उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर २००० च्या दशकाच्या सुरुवातीला शहरातल्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी मोठ्या संख्येने सीएनजीवर गेल्या. पेट्रोल-डिझेलवर सुरू झालेल्या कितीतरी पद्मिनी सीएनजीवर धावल्या. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, तीही वयोमर्यादेमुळे. म्हणजे यंत्रणेने ठरवलं तर जुन्या गाडीत नवं तंत्र कायदेशीरपणे बसवता येतं, हे या शहराने पाहिलंय.

*दिव्यांग व्यक्तींसाठी बदल:* हाताने चालवायचे ब्रेक-क्लचसारखे बदल आरटीओच्या मंजुरीने करता येतात.

२०१९ च्या दुरुस्तीत आणखी एक तरतूद आहे. गाडीतल्या बदलांसाठी निकष आणि मंजुरीच्या अटी केंद्र सरकार ठरवू शकतं आणि अशा मान्य बदलांमुळे कंपनीची वॉरंटी रद्द मानली जाणार नाही. पण ही तरतूद किटला धरून चालते. किट बनवणारा त्याची चाचणी करून घेतो आणि मालक ते बसवतो. अपघातातल्या एका गाडीतून काढलेल्या भागांना किट म्हणता येत नाही.

इंजिन नवं, पण गाडी जुनीच

अनेकांचा एक गैरसमज असतो. 'बीएस-४ इंजिन टाकलं की गाडी बीएस-४ झाली.' तसं होत नाही. गाडीचं वय नोंदणीच्या तारखेवरून मोजलं जातं आणि प्रदूषणाचा टप्पा मूळ मॉडेलवरून. बोनेटखाली काय आहे, याने त्यात फरक पडत नाही.

याचा फटका आता जास्त बसू शकतो. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांचा वाद २०२५ मध्ये पुन्हा पेटला. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा गाड्यांच्या मालकांवर कठोर कारवाई करू नका, असं सांगितलं आणि डिसेंबरमध्ये हा दिलासा बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरता मर्यादित केला. मुंबईत अशी बंदी नाही. पण मुंबई महानगर क्षेत्रात पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करणं शक्य आहे का, हे तपासण्यासाठी राज्य सरकारने जानेवारी २०२५ मध्ये, उच्च न्यायालयाच्या निर्देशांनंतर, सात सदस्यांची समिती नेमली होती.

खर्चही वाढतोय. वीस वर्षांपेक्षा जुन्या खासगी चारचाकीच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये ५,००० वरून १०,००० रुपये झालं. व्यावसायिक पिकअपला तर आठ वर्षांनंतर दरवर्षी पासिंग करून घ्यावं लागतं. प्रत्येक पासिंगला निरीक्षक चासी आणि इंजिन क्रमांक आरसीशी ताडून पाहू शकतो. म्हणजे बदल लपवायचा, तर तो दरवर्षी लपवावा लागणार.

विंटेजचा मार्ग आहे का?

केंद्राने जुलै २०२१ मध्ये विंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी आणि चारचाकी गाड्यांना 'व्हीए' अक्षरांची खास नंबरप्लेट मिळते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं.

अट मात्र कडक आहे. गाडी मूळ स्वरूपात हवी आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. म्हणजे आजोबांच्या जीपमध्ये आज बोलेरोचं इंजिन टाकलं, तर उद्या तिला विंटेजचा दर्जा मिळवणं कठीण. शिवाय विंटेज गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. फर्निचर वाहणाऱ्या पिकअपला हा मार्ग तसाही उपयोगाचा नाही.

डोनर आला कुठून?

हा प्रश्न बहुतेक लोक विचारत नाहीत, पण तोच सगळ्यात महागात पडू शकतो. गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली, तर मालकाने ते आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्यावी, असं कायद्याचं कलम ५५ सांगतं. प्रत्यक्षात अनेक गाड्या कागदोपत्री जिवंत राहतात आणि त्यांचे भाग बाजारात फिरत राहतात.

इंजिनावर क्रमांक असतो. ते इंजिन चोरीच्या गाडीतलं निघालं, तर चोरीचा माल बाळगल्याची चौकशी तुमच्या दारात येते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ मध्ये त्यासाठी शिक्षा आहे. बिलाशिवाय स्वस्तात मिळालेलं इंजिन म्हणूनच स्वस्त नसतं.

अपघात झाला तर?

विमा पॉलिसी ही आरसीवरच्या गाडीची असते. विमा कंपनीला न कळवता मोठा बदल केला असेल, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारला जाण्याची शक्यता मोठी. समोरच्या जखमी व्यक्तीला भरपाई मिळावी, यासाठी न्यायाधिकरण कधी कंपनीला आधी पैसे द्यायला लावतं आणि नंतर ते मालकाकडून वसूल करण्याची मुभा देतं. एका अपघातात इतकी रक्कम डोक्यावर बसली, तर पिकअपच काय, धंदाही राहत नाही.

खरा पेच कुठे आहे?

कायद्याचा हेतू चुकीचा नाही. चासी कापून जोडलेल्या, ताकद दुप्पट केलेल्या गाड्यांमुळे रस्त्यावरच्या इतरांचा जीव धोक्यात येतो. पण आजची व्यवस्था दोन वेगळ्या माणसांना एकाच तराजूत तोलते. एकाला रील बनवायची आहे, म्हणून तो मोठं इंजिन आणि कानठळ्या बसवणारा सायलेन्सर टाकतो. दुसऱ्याला घाटात गाडी वेळेवर थांबावी असं वाटतं, म्हणून तो त्याच कंपनीच्या नव्या मॉडेलचे ब्रेक बसवतो. दुसऱ्याचा बदल रस्ता सुरक्षित करणारा असू शकतो, पण तो तपासून घेण्यासाठी त्याला सहज जाता येईल अशी खिडकीच नाही.

जर्मनीत अशी व्यवस्था आहे. तिथे टीयूव्हीसारख्या मान्यताप्राप्त तपासणी संस्थेचा अभियंता एकेका गाडीतला बदल तपासतो आणि योग्य वाटला तर तो गाडीच्या कागदांवर नोंदवला जातो. आपल्याकडे एआरएआय आहे, आरटीओ आहेत, २०१९ ची तरतूदही आहे. कमी आहे ती एका गाडीच्या मालकाला परवडेल अशा वैयक्तिक तपासणीची. तोवर अनेक जण दोनच पर्यायांमध्ये अडकतात: जुन्या ब्रेकवर गाडी चालवायची, किंवा लपूनछपून बदल करायचा.

काम सुरू करण्याआधी काय तपासावं?

• आरसी समोर ठेवा. जो भाग बदलायचा आहे, त्याने आरसीवरची कोणती नोंद बदलते, ते पाहा.
• इंजिन बदलायचं असेल तर त्याच बनावटीचं आणि प्रकारचं शोधा. आधी आरटीओत विचारा, मग गॅरेजला आगाऊ रक्कम द्या.
• गाडी कर्जावर असेल तर फायनान्स कंपनीची लेखी संमती घ्या.
• डोनरच्या भागांचं बिल घ्या. त्यावर इंजिन क्रमांक, मूळ गाडीचा क्रमांक आणि विकणाऱ्याचं नाव असावं.
• चासीला वेल्डिंग करून माउंटिंग लावायला सांगत असतील, तर थांबा. उष्णतेने पोलाद कमकुवत होतं आणि भार पडल्यावर तडा तिथूनच जातो.
• बदल मंजूर झाला की विमा कंपनीला लेखी कळवा.
• बजेट तुटपुंजं असेल तर मूळ ब्रेक, पाटे, स्टिअरिंग आणि टायर नव्यासारखे करून घ्या. याला कुणाचीच परवानगी लागत नाही आणि गाडीत सगळ्यात मोठा फरक यानेच पडतो.

जोगेश्वरीतल्या त्या पिकअपवाल्याने गॅरेजमालकाला 'हो' म्हणण्याआधी एकच प्रश्न विचारायला हवा: "हे सगळं केल्यावर पुढच्या पासिंगला गाडी उभी राहील का?" त्याचं उत्तर "बघू, करून घेऊ" असं आलं, तर पैसे खिशातच ठेवलेले बरे.